टाइनकाठची पायवाट : वॉल्सेंड ते हेडन, आणि भिंत गेली कुठे?

उत्तरा_टाइन

रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर इंग्लंडमध्ये बांधून घेतलेली भिंत बघायला येणारी आपली मंडळी बहुतेक थेट हाउसस्टेड्सला गाडी लावतात, कड्यावरून धावणाऱ्या भिंतीचे फोटो काढतात आणि अंधाराच्या आत परततात. त्यात गैर काही नाही. पण या भिंतीच्या सोबतीने इंग्लंड आडवं ओलांडणारी ८४ मैलांची (१३५ किमी) राष्ट्रीय पायवाट २००३पासून आहे, आणि तिचे पहिले १५ मैल न्यूकॅसल शहराच्या पोटातून, टाइन नदीच्या काठाकाठाने जातात. 'एवढं गाळा, बस पकडा, हेडनपासून चालायला लागा' असा सल्ला सर्रास मिळतो. मी याच भागात राहते, ऋतू बदलला की या वाटेवर एक फेरी होतेच, आणि माझं मत नेमकं उलटं आहे. वरच्या डोंगरात भिंत दिसते. ती गेली कुठे, हे खाली शहरात कळतं.

सुरुवात वॉल्सेंडला. मेट्रोच्या स्टेशनवर पाट्या इंग्रजीबरोबर लॅटिनमध्येही आहेत, 'धूम्रपान करू नका'सुद्धा. तिथून पाच मिनिटांवर सेजेड्यूनम, भिंतीच्या पूर्व टोकाचं रोमन ठाणं. ६०० सैनिकांची सोय होती, ४८० पायदळ आणि १२० घोडेस्वार. तिसऱ्या शतकात इथे लिंगोन्स लोकांची चौथी पलटण होती, म्हणजे आजच्या पूर्व फ्रान्समधली माणसं. वस्तुसंग्रहालयाचा ३५ मीटर उंच मनोरा आहे, त्यावर आधी चढा आणि मगच खाली फिरा. वरून ठाण्याचा पूर्ण आराखडा दिसतो: पत्त्याच्या आकाराचा आयत, गोलसर कोपरे, बराकींच्या ओळी, मधोमध मुख्यालय.

हा आराखडा इतका स्वच्छ दिसतो कारण गेल्या शतकात तो पुन्हा उघडा करावा लागला. आधी इथे कोळशाची खाण होती. वॉल्सेंडचा कोळसा लंडनच्या शेकोट्यांत इतका नावाजलेला की चांगल्या घरगुती कोळशाला हेच नाव पडलं. मग १८८०च्या दशकात ठाण्याच्या डोक्यावर कामगारांच्या चाळीवजा घरांच्या रांगा उठल्या. १९७०च्या दशकात त्या पाडल्या आणि मग खाली उत्खनन झालं. म्हणजे बराकीवर चाळ, चाळीच्या जागी पुन्हा बराक.

मनोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला खाली रिकामा किनारा दिसतो. ते स्वान हंटरचं जहाजबांधणीचं आवार. १९०६मध्ये इथून 'मॉरिटेनिया' पाण्यात उतरली, तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं जहाज. अटलांटिक सर्वांत वेगात ओलांडण्याचा मान तिने १९२९पर्यंत राखला. टायटॅनिकच्या वाचलेल्या ७००हून अधिक माणसांना उचलणारी 'कार्पेथिया' हीसुद्धा इथलीच. १९६९मध्ये अडीच लाख टनांची 'एसो नॉर्दम्ब्रिया' ही तेलवाहू बोट पाण्यात उतरली, त्याआधी गल्लीच्या तोंडाशी घरांच्या छपरांपेक्षा उंच लोखंडी भिंत उभी होती. त्या फोटोत मुलं रस्त्यात खेळतायत आणि मागे आकाशाच्या जागी जहाज आहे. माझ्यासाठी वॉल्सेंडची खरी भिंत तीच.

इथून वाट जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावरून जाते. नदीकाठच्या शिपयार्डांना कामगार पुरवणारा हा फाटा १९७३मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला, रूळ उचलले, आता त्यावर डांबरी सायकलवाट आहे. सपाट, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, मधेच पत्र्याचं कुंपण, कुंपणापलीकडे केबल आणि पाइपांची गोदामं. वॉकर, मग सेंट अँथनीज. जुन्या डांबर कारखान्याच्या जागेवर आता झाडी आहे. सेंट पीटर्सला जहाजांची इंजिनं बनायची, आता तिथे हौशी नौकांचा धक्का. या पट्ट्यात रोमन असं काहीही दिसत नाही, हे आधीच सांगते. भिंतीची मूळ रेषा इथून आत, वस्तीच्या खाली आहे. नदीकाठ हा पायवाट आखणाऱ्यांचा पर्याय.

ऊसबर्न ओढ्यापासून शहर सुरू होतं आणि मग पूल. इथे माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे लाल-पांढरा फिरता पूल, स्विंग ब्रिज, १८७६चा. बरेच जण टाइन ब्रिजचा (१९२८) फोटो घेतात आणि याच्याकडे बघतही नाहीत. विल्यम आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने तो बांधला. कारण त्याचे एल्स्विकचे कारखाने पुलाच्या वरच्या अंगाला होते आणि जुना दगडी पूल मोठ्या जहाजांना आड येत होता. तो हटवून, नदी खोल करून, जलदाबावर फिरणारा पूल उभा केला. त्या कामात गाळातून काय निघालं? रोमन पुलाचे अवशेष आणि नेपच्यूनला वाहिलेली वेदी (१८७५). पुढे १९०३मध्ये तिची जोडीदार निघाली, ओशियानसची वेदी. दोन्हींवर सहाव्या लीजनचं, म्हणजे रोमन सैन्यदलाचं, नाव कोरलंय. तोफांच्या जहाजांना वाट करून देताना रोमन पूल सापडला! हेड्रियनच्या कुळनावावरून त्या पुलाला पॉन्स एलियस म्हणत. त्याच्या कुळाचं नाव असलेला दुसरा पूल खुद्द रोममध्ये. दोन्ही वेद्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये शेजारी शेजारी ठेवल्यात.

पुलाच्या वरच्या टेकाडावर रोमन ठाणं, त्यावर नॉर्मनांचा 'नवा किल्ला' (१०८०, दगडी बालेकिल्ला ११७०च्या दशकातला), आणि त्या किल्ल्याच्या दोन तुकड्यांमधून व्हिक्टोरियन काळात घातलेली रेल्वे. रोमन मुख्यालयाच्या भिंतींच्या जागा फरसबंदीत आखून दाखवल्यात, काही भाग रेल्वेच्या कमानींखाली.

पुढचा टप्पा एल्स्विक, स्कॉट्सवुड, लेमिंग्टन, न्यूबर्न. आर्मस्ट्राँगचा कारखाना १८४७चा. आधी जलदाबाच्या यारी, मग तोफा, मग युद्धनौका. आता तिथे ऑफिसांचं आवार आहे, काचेची आणि झोपेची. लेमिंग्टनला १७८७चा विटांचा काचभट्टीचा शंकू एकटाच उभा आहे. न्यूबर्ननंतर नदी हिरवी होते, मग वाट काठ सोडून गोल्फच्या मैदानाजवळून चढते आणि हेडन गावात येते. तिथे, पंधरा मैलांनंतर, भिंत. सुमारे १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, कमरेपेक्षाही बुटकी. मूळ आराखड्यातली 'रुंद भिंत' ती हीच, पुढे रोमनांनीच रुंदी कमी केली. एका टोकाला भिंतीतच नंतरच्या काळात खोदलेली भट्टी आहे. म्हणजे इथेही कुणीतरी तिचा उपयोग करून घेतलाच.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो वेगळ्या धाग्यात टाकते, इथे साइझ मोठी होतेय.

चिकित्सक_मन

लेख छान, पण मी हा टप्पा चाललोय आणि मला तो कंटाळवाणाच वाटला. सायकलवाले मागून घंटी वाजवतात, अर्धा वेळ कुंपण बघायचं, आणि शेवटी १०० मीटर पायाचे दगड. भारतातून येणाऱ्या माणसाकडे मोजके दिवस असतात. त्याने ते वॉकरच्या गोदामांमागे का घालवावेत? चेस्टर्स, हाउसस्टेड्स, विंडोलांडा ही रोमन ठाणी, बास. भिंत बघायला आलोय ना?

उत्तरा_टाइन

@चिकित्सक_मन, ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी विंडोलांडाला जावं, यात वाद नाही. माझा मुद्दा पूर्ण वाट चालणाऱ्यांसाठी आहे, जे सुरुवातच हेडनला करतात आणि 'टोक ते टोक चाललो' म्हणतात. :-)

दर्याकिनारा

स्वान हंटरचं नाव वाचून राहवलं नाही. २००६मध्ये तिथलं जहाजबांधणीचं काम संपलं आणि २००७मध्ये त्यांच्या त्या प्रसिद्ध यारी, तरती गोदी, सगळी यंत्रसामग्री कोणी घेतली माहितीये? आपल्या मुंबईच्या भारती शिपयार्डने. सगळं सुटं करून जहाजांवर चढवून भारतात आणलं. भारतीची यार्डं कोकणात, रत्नागिरी आणि दाभोळकडे. आमच्याकडे तेव्हा चर्चा होती की विलायतेतलं आख्खं शिपयार्ड विकत घेतलं. पुढे भारतीही कर्जात बुडाली, ती वेगळी कथा. पण वॉल्सेंडच्या माणसांनी त्या यारी आयुष्यभर खिडकीतून बघितल्या असणार. एके दिवशी त्या नदीतून निघून गेल्या.

उत्तरा_टाइन

दर्याकिनारा, अगदी खरं. इथले जुने लोक अजून सांगतात. उरलेल्या यारी पाडल्या तेव्हा बघायला गर्दी होती. मनोऱ्यावरून खाली बघताना जी पोकळी दिसते ती म्हणूनच. कोकणचा धागा मी लेखात घालायला हवा होता असं कोणी म्हणण्याआधी: तुमच्यासारखं मला लिहिता आलं नसतं.

घाटमाथा

रेल्वेवाल्यांसाठी थोडी भर. त्या पुलांच्या रांगेतला हाय लेव्हल ब्रिज (१८४९) रॉबर्ट स्टीफन्सनचा: वर रेल्वे, खाली रस्ता. हाच रॉबर्ट स्टीफन्सन आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार अभियंता होता. त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली त्याच सुमारास मुंबईला मुख्य अभियंता म्हणून आला आणि बोरीबंदर–ठाण्यापासून बोरघाटापर्यंतचं काम त्याने उभं केलं. घाट १८६३मध्ये खुला झाला, बर्कली त्याच्या आदल्या वर्षीच गेला. म्हणजे टाइनवरचा पूल आणि खंडाळ्याचा घाट यांच्यामागे एकच कार्यालय.

आणि न्यूबर्ननंतर नदीकाठ सोडू नका, तसंच थोडं पुढे वायलमला गेलात तर जॉर्ज स्टीफन्सनचं जन्मघर आहे (१७८१). दारासमोरून लाकडी रुळांची कोळशाची गाडीवाट जायची, घोडे ओढायचे. आज तीच पायवाट आहे. माझ्यासारखे लोक हेडन सोडून तिकडेच जातील.

सुभेदार_निवृत्त

एल्स्विक वाचलं. आमच्या काळचा विजयंता रणगाडा मूळचा तिथला. विकर्सचं डिझाइन, पहिली खेप एल्स्विकला बनून आली, नंतर चेन्नईजवळच्या आवडीला आपलं उत्पादन सुरू झालं. ७१मध्ये वापरला. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे, मुलांना जरूर दाखवा. आतून किती अडचण असते ते बाहेरून कळत नाही.

ताई, त्या कारखान्याच्या जागी काही खूण ठेवलीये का?

उत्तरा_टाइन

काका, नमस्कार. नदीकडेला माहितीच्या पाट्या आहेत, जुन्या धक्क्याच्या भिंती आहेत, बाकी ऑफिसं आणि गाड्यांची पार्किंग. टेकडीवरच्या घरांच्या रांगा मात्र तशाच, सगळ्या कारखान्याकडे उतरणाऱ्या. माणसं कुठे चालत जायची ते रस्त्यांच्या उतारावरून लगेच ओळखू येतं.

डॉ_वैद्यबुवा

मी शहराच्या पूर्व भागात काही वर्षं काम केलंय. एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'औद्योगिक वारसा' वगैरे बोलताना आपण जहाजांची नावं घेतो. दवाखान्यात त्याच जहाजांवर काम केलेले म्हातारे यायचे, फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉस घेऊन. बॉयलर आणि पाइपांना ते गुंडाळलेलं असायचं, कापताना बर्फासारखं उडायचं, पोरं त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची असं ते हसत सांगायचे. आजार तीस-चाळीस वर्षांनी उठतो. काहींच्या बायकांनाही झाला, नवऱ्याचे कपडे धुऊन. तरी यार्डाबद्दल वाईट बोललेला एकही भेटला नाही.

वाटेवर बाकांवर बसलेले दिसले तर नुसतं 'हॅलो' म्हणा. पुढचा अर्धा तास तुमचा नाही.

चिकित्सक_मन

डॉक्टर, हा प्रतिसाद मात्र लेखापेक्षा भारी. उत्तराताई, राग मानू नका.

उत्तरा_टाइन

राग कसला, मलाही तसंच वाटलं.

पक्षीवेडा

कोणीच किटीवेकांबद्दल बोललं नाही? टाइन ब्रिजच्या मनोऱ्यांवर आणि कठड्यांवर किटीवेक घरटी करतात. हा कुरव पक्षी एरवी भर समुद्रातल्या कड्यांवर राहणारा. जगात समुद्रापासून इतक्या आत वसाहत करणारे हेच. मार्चच्या सुमारास येतात, ऑगस्टपर्यंत असतात. आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि खाली उभं राहायचं ते आपल्या जबाबदारीवर. सध्या पुलाची मोठी दुरुस्ती चालू आहे (२०२८ला शंभर वर्षं होतात), त्यात पक्ष्यांची घरटी सांभाळून काम करायचं असल्याने वेळापत्रक त्यांच्या हिशेबाने.

नदीबद्दलही लिहा ना. टाइन १९५०-६०च्या दशकांत जवळजवळ मेलेली होती. शहराचं सगळं सांडपाणी थेट पात्रात. मग दोन्ही काठांनी मोठ्या वाहिन्या टाकून ते अडवलं, शुद्धीकरणाला नेलं. आज इंग्लंडमधली सॅमन माशांची सर्वांत चांगली नदी हीच.

मुळाकाठचा

^ हे वाचून पोटात दुखलं. आम्ही पुण्यात नदीकाठ 'सुशोभित' करतोय, पाण्याचं नंतर बघू. तिकडे आधी सांडपाणी अडवलं आणि मग धक्क्यावर कॅफे आले. क्रम बघा.

चिकित्सक_मन

आता कारखानेही बंद झाले म्हणून नदी स्वच्छ झाली, हेही खरं आहे ना? नुसतं वाहिन्यांना श्रेय नको.

पक्षीवेडा

दोन्ही. पण कारखाने बंद पडून मैला कमी होत नाही, माणसं तेवढीच होती.

मेघना_लीथ

मी एडिनबराहून येऊन ही वाट एकटीने चालले, म्हणून बायकांसाठी व्यावहारिक माहिती. वॉल्सेंड ते सेंट पीटर्स हा भाग आठवड्याच्या मधल्या दिवशी बराच सुनसान असतो. दोन्ही बाजूंना झाडी, बाहेर पडायचे रस्ते लांब लांब. दिवसा काही अडचण आली नाही, सकाळी कुत्री फिरवणारे खूप असतात. तिन्हीसांजेला मात्र मी जाणार नाही. किनाऱ्यावरच्या पुलांपासून पुढे शहरच आहे. एल्स्विकनंतर पुन्हा शांत होतं. स्वच्छतागृह सेजेड्यूनमला आहे ते वापरून निघा, पुढचं भरवशाचं थेट पुलांपाशी. उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असल्याने घाई करावी लागत नाही.

बूट: सगळं डांबरी आहे, जड ट्रेकिंग बूट घातलेत तर तळव्यांचे हाल होतील. धावायचे बूट पुरेत. हेडनच्या पुढे बदला.

आजोबांचा_नातू

आईबाबा जूनमध्ये येतायत, दोघं सत्तरीपुढचे, बाबांचा गुडघा दुखतो पण इतिहासाचं वेड. पंधरा मैल अर्थातच नाही. काय दाखवू?

उत्तरा_टाइन

सेजेड्यूनमला मेट्रोने न्या, मनोऱ्याला लिफ्ट आहे. तिथे रोमन स्नानगृहाची प्रतिकृतीही उभी केलीये. खरं स्नानगृह जवळच एका पाडलेल्या पबच्या जागेखाली २०१४मध्ये सापडलं. स्नानगृह पबखाली सापडावं, ही या गावाची शैलीच आहे. मग मेट्रोने परत येऊन नदीकाठी पुलांखालून रमतगमत चाला, मिलेनियम ब्रिजपासून स्विंग ब्रिजपर्यंत. सपाट आहे, बाक भरपूर. रविवार असेल तर धक्क्यावर बाजार भरतो. मिलेनियम ब्रिज वर उचलतात त्याची वेळ आधी बघून ठेवा, आख्खा पूल कलंडतो, बाबांना आवडेल.

शक्ती उरली तर टॅक्सीने बेनवेल. हे मला मूळ लेखातच लिहायचं होतं, पण लांबण लागली. वेस्ट रोड म्हणजे साधारण भिंतीचीच रेषा. या रस्त्याच्या एका बाजूच्या गल्लीत, दुमजली घरांच्या मधोमध, अँटेनोसिटिकस नावाच्या देवाचं देऊळ आहे. हा देव आणखी कुठेही सापडलेला नाही, फक्त बेनवेलचा. १८६२मध्ये देऊळ निघालं. लहानसा चौथरा, मागे अर्धगोल गाभारा, वेद्यांच्या प्रतिकृती. मूर्तीचं मस्तक संग्रहालयात. शेजाऱ्यांच्या धुण्याच्या दोऱ्या आणि ग्रामदेवता, कुंपणाला कुलूप नाही, तिकीट नाही. त्याच भागात भिंतीमागचा खंदक ओलांडायचा दगडी रस्ता उरलाय, असा बघायला मिळणारा एवढाच. आणि वेस्ट रोडवर आपलं हिंदू मंदिरही आहे. आई नक्की विचारणार.

कोल्हापुरी_झणका

'फक्त बेनवेलचा देव' हे वाचून भारी वाटलं. तिकडे परदेशी पलटणी आपापले देव घेऊन आल्या आणि स्थानिक देवालाही नमस्कार करत राहिल्या. आमच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पंचगंगेच्या काठी रोमन बनावटीचा काशाचा पोसायडन निघाला, तो टाउन हॉल संग्रहालयात आहे. टाइनमध्ये नेपच्यूनची वेदी, पंचगंगेकाठी पोसायडन. एकच देव, एक सैन्याबरोबर गेला, एक व्यापाराबरोबर आला.

उत्तरा_टाइन

@कोल्हापुरी_झणका, व्यापाराचं दुसरं टोक भिंतीजवळ आहे. विंडोलांडाला सापडलेल्या लाकडी पातळ पट्ट्यांवरच्या शाईच्या मजकुरांत एका हिशेबात मिऱ्यांचा खर्च आहे, दोन दिनारी. मिरी म्हणजे भारतातून, मलबारकडून. भिंत बांधायच्या आधीचा, इसवी सन १००च्या आसपासचा काळ. रिमझिम पावसात कुडकुडणारा शिपाई मिरी विकत घेतोय.

आणि माणसंही लांबून यायची. नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्सला आर्बिया ठाणं आहे. तिथे सीरियाच्या पाल्मायराहून आलेल्या बाराटेसने बायकोची समाधीशिळा उभी केली. रेजिना तिचं नाव, दक्षिण इंग्लंडमधल्या कॅटुवेलाउनी जमातीची, आधी त्याची गुलाम, मग सोडवून बायको केलेली. वयाच्या तिसाव्या वर्षी गेली. वर लॅटिन मजकूर आहे, खाली त्याच्या स्वतःच्या लिपीत एक ओळ: बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय रे. लॅटिन गडबडलेलं आहे, पाल्मायराची ओळ मात्र सुबक कोरलीये.

चिकित्सक_मन

हे कुठे बघायला मिळतं? पायवाटेवर आहे का?

उत्तरा_टाइन

पायवाटेवर नाही, मेट्रोने साउथ शील्ड्स. वॉल्सेंडला सुरुवात करण्याच्या आदल्या दिवशी करा. तुमच्यासाठी त्यात एकही गोदाम नाही.

चिकित्सक_मन

:-))

घाटमाथा

भिंत गेली कुठे याचं उत्तर नीट आलं नाही असं वाटतं. शहराने खाल्ली एवढंच?

उत्तरा_टाइन

बरं झालं विचारलंत. शहराने दगड घेतलेच: चर्च, कोठारं, घरं. पण सर्वांत मोठा घाव सरकारी रस्त्याचा. १७४५च्या जेकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) बंडात जनरल वेडचं सैन्य न्यूकॅसलला अडकून पडलं, कार्लाइलकडे तोफा नेता येईनात कारण धड रस्ताच नव्हता. म्हणून पुढच्या दशकात लष्करी रस्ता काढला आणि कितीतरी मैल तो भिंतीवरूनच नेला. दगड फोडले, तीच खडी. आज हेडनच्या पश्चिमेला बी६३१८ या रस्त्यावरून गाडी चालवता तेव्हा चाकाखाली भिंत असते.

वाचवणारेही होते. १८०१मध्ये विल्यम हटन नावाचा ७८ वर्षांचा म्हातारा बर्मिंगहॅमहून चालत आला, भिंत टोकापर्यंत चालला, परत चालत घरी गेला, सगळं मिळून सुमारे ६०० मैल. एक जमीनदार घरासाठी भिंत फोडत होता, त्याची याने विनवणी केली. पुढे जॉन क्लेटन. हा न्यूकॅसलचा टाउन क्लार्क, शहराचा मध्यभाग नव्याने उभा राहिला त्या व्यवहारांत मुख्य माणूस, आणि तोच भिंतीजवळच्या जमिनी एकेक करून विकत घेत गेला म्हणून चेस्टर्स-हाउसस्टेड्सचा पट्टा उरला. @चिकित्सक_मन, तुम्ही बघितलेली डोंगरातली भिंत शहरातल्या पैशाने वाचलीये!

शहराखाली अजून आहे. २०२१मध्ये वेस्ट रोडवर पाण्याची वाहिनी बदलताना डांबराच्या हातभर खाली ३ मीटरचा तुकडा निघाला. वाहिनी वळवली आणि तो परत झाकला.

मेघना_लीथ

भिंतीजवळचं साइकॅमोर गॅपचं प्रसिद्ध झाड तोडल्यावर जगभर हळहळ झाली, ते योग्यच. पण बसथांब्याखालच्या भिंतीवर कोणी हळहळत नाही. जाऊ दे, विषयांतर होईल.

आजोबांचा_नातू

पासपोर्टवर शिक्के मारतात म्हणे? बाबांना फार आवडेल. आणि हेडनहून परत कसं यायचं?

उत्तरा_टाइन

हो, पायवाटेचा पासपोर्ट मिळतो. शिक्क्यांची सात ठिकाणं, पहिलं सेजेड्यूनम. मुदत १ मे ते ३१ ऑक्टोबर, कारण हिवाळ्यात चिखलात पाय पडून जमिनीखालचे अवशेष खराब होतात, तेव्हा लोकांनी येऊ नये असंच त्यांना हवंय. जूनमध्ये बाबांना पहिला शिक्का मिळेल.

हेडनहून ६८५ नंबरची बस न्यूकॅसलला येते, उलटी गेली की हेक्सॅम आणि कार्लाइल. बसला उशीर झाला तर गावात पब आहे आणि पेट्रोल पंपापाशी चहा-सँडविच मिळतं. पंधरा मैल चालून आल्यावर भिंतीच्या जवळच्या बाकावर बसून डबा खाणारे खूप दिसतात. थेपले न्या. स्टॉटी नावाचा इथला जाड पाव त्या वेळी दाताने तुटत नाही.

दर्याकिनारा

थेपले नको, घावणे. बाकी धागा वाचनखुणेत.